एकाच नकाशासमोर अर्धा तास

शाळेची सहल संग्रहालयात गेली की काय होतं, ते आपण जाणतोच. मुलांची रांग, "हात लावू नका", "पुढे सरका", आणि दुसऱ्या दिवशी वहीत दहा ओळींचं सहलवर्णन. पाहिलं खूप, लक्षात काहीच नाही!

म्हणूनच आज इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलविषयी सांगावंसं वाटतं. या मध्ययुगीन चर्चमधलं प्रदर्शन छोटंसंच आहे. मुख्य आकर्षणं दोन : कपाटाला साखळ्यांनी बांधलेली जुनी पुस्तकं, आणि साधारण १३०० साली वासराच्या एकाच कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा.

या नकाशात उत्तर नव्हे, पूर्व दिशा वर आहे. मधोमध जेरुसलेम. भारत वरच्या बाजूला. तिथे हत्ती आहे आणि आपल्या एकुलत्या एक भल्यामोठ्या पायाची छत्री करून सावलीत पहुडलेला माणूसही आहे! त्याहून गंमत म्हणजे युरोपवर 'आफ्रिका' आणि आफ्रिकेवर 'युरोप' असं लिहिलंय.

आता मुलांना विचारा : पूर्व वर का असेल? ज्याने भारत पाहिलाच नाही, त्याने तो कशावरून काढला असेल? आपणही न पाहिलेल्या माणसांबद्दल असंच काहीबाही मानतो का? बघा, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच वस्तूत आले.

"एवढा वेळ कुठून आणायचा, अभ्यासक्रम कोण संपवणार?" हा प्रश्न रास्त आहे. पण धावत पाहिलेल्या शंभर वस्तूंपेक्षा थांबून पाहिलेली एक वस्तू अभ्यासक्रम जास्त पुढे नेते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. पैशांच्या अडचणीमुळे १९८८ मध्ये हा नकाशा विकायची वेळ आली होती. लोकांनी विरोध केला, देणग्या मिळाल्या आणि नकाशा तिथेच राहिला. ज्या वस्तूशी आपलं नातं जुळतं, तीच आपण जपतो. ते नातं धावपळीत कसं जुळणार?

तेव्हा पुढच्या सहलीला एकच वस्तू निवडा. गावच्या देवळासमोरचा वीरगळही चालेल. मुलांना अर्धा तास त्याच्यासमोर बसवा. माहिती शेवटी सांगा, आधी त्यांचे प्रश्न ऐका. करून तर बघा!