शेतातली 'युजर एरर'

आपल्या धंद्यात एक जुनी पळवाट आहे. सिस्टीम कोसळली की म्हणायचं, "युजर एरर!" म्हणजे आमचा कोड बरोबरच होता हो, वापरणारा मठ्ठ निघाला.

शेतात ही पळवाट फार महागात पडते. मळणी यंत्रात कुणाचा हात गेला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: झोपेत असेल, नाहीतर प्यायलेला असेल. अरे, पण हंगामात रात्र-रात्र मळणी चालते, पेंढ्या हाताने आत सारायच्या असतात. माणूस कधीतरी पेंगणारच. मग हे गृहीत धरूनच यंत्र बनवायला नको? उपाय तसा साधा आहे. तोंडाला लांब, वरून झाकलेली पन्हळ लावायची, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. मळणी यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली खास कायदाही केला.

आयआयटी दिल्लीचे प्रा. दिनेश मोहन (२०२१ मध्ये कोविडने गेले) रस्ते सुरक्षेसाठी प्रसिद्ध. पण त्यांच्या गटाने उत्तर भारतातल्या कडबाकुट्टी यंत्रांवरही काम केलं. खेड्यांत जाऊन अपघात मोजले, बोटं नेमकी कशी तुटतात ते बघितलं आणि मग यंत्रात बदल सुचवले. माणसाला दोष देण्याआधी डिझाइन तपासा, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विल्यम फील्ड यांनी धान्याच्या कोठारांत गाडल्या गेलेल्या माणसांच्या नोंदी कित्येक दशकं ठेवल्या. शेतीतली सुरक्षा हा प्राध्यापकाचा आयुष्यभराचा विषय होऊ शकतो, तो असा.

आपल्याकडे? राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडून शेतीतल्या सुरक्षेवरचा देशव्यापी संशोधन प्रकल्पही चालतो. म्हणजे पाया आहे. अडचण बढतीच्या हिशोबात आहे. शोधनिबंधाला गुण मिळतात. पण एखाद्या प्राध्यापिकेने तालुक्यातल्या फॅब्रिकेटरच्या मागे लागून त्याच्या यंत्रांना नीट पन्हळ बसवून घेतली, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? न झालेल्या अपघाताचा फोटो काढता येत नाही :)

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही ऐकू आलं, "मास्क का नाही घातला?" विदर्भातल्या उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन तासन्‌तास घालता येईल असा मास्क आणि अंगरखा बनवणं हा अस्सल इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. आणि तो पुण्यात एसीत बसून सुटणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. प्राध्यापकाच्या बढतीत प्रत्यक्ष वापरात आलेली सुरक्षित रचना आणि गावोगावच्या अपघातांच्या पद्धतशीर नोंदी, या दोन्हींना शोधनिबंधाइतकंच वजन हवं. त्याशिवाय हुशार मुलं या वाटेला का येतील? आणि आली तरी का टिकतील?

आपणही ड्रोन आणि अ‍ॅपवाल्या 'अ‍ॅग्रीटेक'वर भरभरून बोलतो. बोलूया की! पण तुमच्या ओळखीत कुणी कृषी अभियांत्रिकी शिकत असेल, तर "आयटीत ये" म्हणण्याआधी हाही रस्ता दाखवा. तिथे बग सापडला नाही, तर हात जातो.