शाब्दिक उदाहरणे आणि महावीराचार्यांची थैली

बेरीज-वजाबाकी बिनचूक करणारे मूल शाब्दिक उदाहरणापाशी अडखळते, हा अनेक घरांतील अनुभव आहे. अशा वेळी घाईतील पालक उदाहरण स्वतःच सोडवून देतात. वहीत उत्तर उमटते. परंतु ‘हे आपल्याला जमणार नाही’ ही मुलाची समजूत पक्की होते. काही घरी ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, अशी युक्ती शिकविली जाते. ‘दुकानदाराने तुरीची १८ पोती विकली, २५ उरली, आरंभी किती होती?’ येथे ती युक्ती फसते. शब्द ‘उरली’ असला तरी क्रिया बेरजेची आहे.

कीर्द लिहिल्यावाचून खतावणी होत नाही. तद्वतच आकडेमोडीपूर्वी मुलाने पुस्तक मिटून उदाहरण आपल्या शब्दांत सांगावे : कोणापाशी काय होते, काय बदलले, तुलना कोणाशी आहे आणि विचारले काय आहे.

कारंजा लाड हे काष्ठासंघ, सेनगण व बलात्कारगण यांच्या मंदिरांमुळे, तेथील हस्तलिखित भांडारांमुळे आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमामुळे विद्येचे गाव म्हणून परिचित आहे. त्या विद्येत गणितालाही मानाचे स्थान आहे. करणानुयोग गणितावाचून समजत नाही. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९१२ मध्ये रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह मद्रासहून प्रसिद्ध केला; १९६३ मध्ये सोलापूरहून त्याची हिंदी आवृत्ती निघाली.

त्यातील एक उदाहरण व्यापारी घरांस जवळचे वाटेल. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, ती मला मिळाली तर माझी रक्कम तुम्हा दोघांच्या मिळून रकमेच्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, माझी तिप्पट होईल. तिसरा म्हणतो, माझी पाचपट. तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

येथे बीजगणिताची गरज नाही. थैली व तिघांची रोकड मिळून एक मोठी रक्कम मानावी. थैली पहिल्याकडे गेली की त्याचे दोन भाग आणि उरलेल्या दोघांचा मिळून एक; म्हणजे दुसरा व तिसरा यांची रोकड मोठ्या रकमेचा तिसरा हिस्सा. त्याच न्यायाने पहिला व तिसरा यांची चौथा हिस्सा आणि पहिला व दुसरा यांची सहावा हिस्सा. ३, ४ व ६ यांचा लसावि १२. परंतु १२ धरल्यास पुढे अर्धे येतात, म्हणून मोठी रक्कम २४ धरावी. जोड्यांची रोकड अनुक्रमे ८, ६ व ४, बेरीज १८. या बेरजेत प्रत्येक व्यापारी दोनदा आला आहे, म्हणून तिघांची रोकड ९ आणि थैलीत १५. नवातून ८, ६, ४ वजा केले की पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ५.

आता ताळा. १५ आणि १ मिळून १६. ते ३ व ५ यांच्या बेरजेच्या दुप्पट आहेत. उरलेले दोन ताळे मुलाने करावेत. सर्व रकमा दुप्पट केल्या तरी अटी पाळल्या जातात, हेही त्यास शोधू द्यावे.

मध्येच मुलाने ‘सापडलेली थैली मालकाला द्यायला नको का?’ असे विचारले, तर त्यास गप्प करू नये. अचौर्याचा संस्कार त्यात दिसतोच. शिवाय मुलाने केवळ आकडे न वेचता उदाहरण खरोखर वाचले, याची ती खूण आहे. प्रश्न पालकांनी विचारावेत; पेन्सिल मात्र मुलाच्याच हाती असावी.