साठ वेळा क्लिक करणारा मुलगा

आमच्या रसायनीत अब्बांची नोकरी म्हणजे कंपनी आणि मुलाचं भविष्य म्हणजे ‘कॉम्प्युटरचा कोर्स’. कोर्स झाला, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, घरचे खूश.

त्याच मुलाला मी विचारते, वर्गाच्या साठ फोटोंच्या नावाआधी ‘आठवी’ लावायचंय, कसं करशील? तो एकेका फोटोचं नाव बदलायला बसतो. साठ वेळा! हा कॉम्प्युटर शिकला की कॉम्प्युटरचा नोकर झाला?

लिनक्सवर हे चार ओळींचं काम. साध्या टेक्स्ट फाइलीत वर लिहायचं की ही बॅशने चालवावी. खाली फॉर, त्यात एमव्ही, शेवटी डन. झाली तुमची स्वतःची स्क्रिप्ट.

आता फाइलचं नाव टाइप करा. उत्तर येतं, ‘कमांड नॉट फाउंड’. फाइल तर समोर आहे! पण शेल फक्त पाथमध्ये नोंदलेल्या फोल्डरांत शोधतो. तुम्ही बसलात तो फोल्डर सहसा त्यात नसतो. ही सावधगिरी आहे. उद्या कुणी तिथे ‘एलएस’ नावाची खोटी फाइल ठेवली तर? म्हणून नावाआधी डॉट-स्लॅश लावायचं: इथलीच फाइल चालव. मग येतं, ‘परमिशन डिनाइड’. त्यावर सीएचमॉड प्लस एक्स: चालवायची परवानगी मी देते. दोन नकार, दोन्हींना कारण. एवढी तर्कशुद्ध शिकवणी कुठल्या क्लासात मिळते?

‘हे इंग्रजी मीडियमवाल्यांचं’, असं आमचेच शिक्षक म्हणतात. एमव्ही, एलएस हे कुठलं इंग्रजी? केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ रचलं. त्यामुळे फाइलचं नाव मराठीत ठेवा की उर्दूत, चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, तेही फुकट. लिनक्सलाही पैसे पडत नाहीत. अडलंय ते आपल्या मनात.

हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचे इथले बहुतेक प्लांट बंद करायचं केंद्र सरकारने २०१७ मध्ये ठरवलं. दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून असलेल्या घराचं काय होतं, हे रसायनीला मी सांगायला नको. तरी आपण मुलांना पुन्हा बटणं दाबायलाच शिकवतो आहोत.

पालकहो, पुढच्या वेळी सर्टिफिकेट बघू नका. मुलाला एवढंच विचारा, ‘बेटा, तू स्वतः लिहिलेलं काय चालवून दाखवतोस?’