अर्धी गोळी, पूर्ण रोजा

रमजान सुरू झाला की सोलापुरात दिवसाचे घड्याळ बदलते. विजापूर वेशीतला मीना बाजार मध्यरात्रीपर्यंत जागा राहतो, घरोघरी पहाटे चूल पेटते आणि औषधांच्या डब्यातला वर्षभराचा क्रम विस्कटतो. चिठ्ठीवर १-१-१ असे लिहिलेले असते. त्यातला मधला एक जातो कुठे? रोजेदाराला सकाळ, दुपार, रात्र नाहीच, त्याला सहेरी आहे आणि इफ्तार आहे. तीन वेळांचे औषध दोन वेळांत बसवायचे म्हणजे काहीतरी मोडावे लागते, आणि बहुतेक घरांत सरळ गोळीच मोडली जाते. कुठे सुरीने, कुठे पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याने, तर कुठे नुसत्या दातांनी.

आता यात गैर काय, असे कुणीही विचारील. डॉक्टरांनीच तर सहेरीला अर्धे घ्यायला सांगितले होते! हे खरे आहे, आणि गोंधळाचे मूळही इथेच आहे. डॉक्टर ‘अर्धे’ म्हणतात तेव्हा ते औषधाच्या मात्रेबद्दल बोलत असतात. रुग्ण ऐकतो ते गोळीबद्दल. साध्या गोळीत या दोन्ही गोष्टी एकच असतात, पण सगळ्या गोळ्या साध्या नसतात.

मधुमेहाचेच पाहू. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानमधील उपचारांसाठी २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. ग्लिमेपिराइडसारख्या, शरीराला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या दोन वेळा घेणाऱ्याची साखर आटोक्यात असेल, तर इफ्तारचा डोस तसाच ठेवून सहेरीचा कमी करावा, असे त्यात सुचवले आहे. कारण उघड आहे. पहाटे घेतलेली ही गोळी पोट रिकामे असतानाही आपले काम करत राहते आणि मगरीबच्या आधीच्या तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. हा धोका पुस्तकी नाही. २००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप २ च्या रुग्णांत साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत रमजानमध्ये सुमारे साडेसात पट आढळले.

म्हणजे डोस कमी करणे बरोबरच आहे. अडचण पुढे येते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड बहुधा एकटे मिळत नाही. मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येते आणि त्यातले मेटफॉर्मिन बऱ्याचदा ‘एसआर’ असते, म्हणजे पोटात हळूहळू, कित्येक तासांत सुटणारे. ही जोडगोळी अडकित्त्यात धरली की दोन चुका एकदम होतात. संथपणे सुटण्यासाठी केलेली रचना तुटते. शिवाय दोन्ही तुकड्यांत दोन्ही औषधे सारखी आली की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. वास्तविक यावर सोपा उपाय दुकानातच आहे. ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी असलेली तीच जोडगोळी मिळते. २ मिलिग्रॅमच्या जागी १ मिलिग्रॅमची, महिन्यापुरती, डॉक्टरांकडून लिहून घेतली की तोडण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र हे रमजानपूर्वी विचारले पाहिजे, दहाव्या रोज्याला चक्कर आल्यावर नव्हे.

संथ सुटणाऱ्या गोळ्यांबद्दल आणखी एक गैरसमज आहे, त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. काही जणांना शौचात गोळीसारखे काहीतरी दिसते. गोळी विरघळलीच नाही, पैसे पाण्यात गेले, असे वाटून दुसऱ्या दिवसापासून ते ती कुटून घेऊ लागतात. प्रत्यक्षात औषध केव्हाच अंगी लागलेले असते. बाहेर पडतो तो नुसता सांगाडा. गोळी कुटली की बारा-चौदा तासांचे औषध एकदम अंगावर येते. रक्तदाबाच्या ‘निफेडिपिन रिटार्ड’सारख्या गोळीबाबत तर दाब एकाएकी कोसळू शकतो. रोज्यात पाणी कमी, त्यात मार्चमधले सोलापूरचे ऊन, आणि मागावर किंवा विड्यांच्या कारखान्यात दिवसभराचे काम. पडायला आणखी कारण लागत नाही.

नावामागची अक्षरे म्हणून वाचावीत. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड यांपैकी काही असेल तर ती गोळी विचारल्याशिवाय तोडू नये, आणि चावू किंवा कुटू तर नयेच. याला अपवाद आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही संथ गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण त्या असंख्य बारीक कणांच्या बनलेल्या असतात आणि प्रत्येक कणावर स्वतःचे आवरण असते. पण त्याही कुटायच्या नसतात. उलट ‘डीटी’ लिहिलेली गोळी पाण्यात विरघळवूनच घ्यायची असते; ती कोरडी गिळण्याचा आग्रह धरणारेही भेटतात.

दुसरी जात आवरणाच्या गोळ्यांची. इफ्तारला भज्यांवर ताव मारायचा आणि सहेरीला पित्ताची गोळी घ्यायची, हा कार्यक्रम बऱ्याच घरांत महिनाभर चालतो. त्या पँटोप्राझोलला आम्लात नष्ट होऊ नये म्हणून आवरण दिलेले असते. ती तोडली की पोटातले आम्लच औषध संपवते, आणि गोळी घेऊनही जळजळ थांबत नाही म्हणून दुसरी घेतली जाते. रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज घ्यायच्या अ‍ॅस्पिरिनवर पोटाच्या बचावासाठी असेच आवरण असते. गंमत अशी की हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायला सांगतात, कारण तेव्हा औषध लवकर रक्तात उतरणे महत्त्वाचे असते. नियम गोळीच्या कामावरून ठरतो, तिच्या नावावरून नव्हे.

मग तोडायची कोणती? जिच्यावर मधोमध रेघ आहे, आवरण नाही, नावामागे ती अक्षरे नाहीत आणि डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टने होकार दिला आहे, ती. नुसती रेघ हा पुरेसा परवाना नाही. मेडिकलमध्ये गोळी कापण्याची छोटी डबी मिळते. तिने होणारे दोन भाग अडकित्त्यापेक्षा बरे होतात. तरीही महिन्याभराच्या गोळ्या एकाच बैठकीत कापून ठेवू नयेत. उघड्या तुकड्याला दमट हवा लागते. एक कापावी, अर्धी घ्यावी, पुढच्या वेळी उरलेली अर्धी घ्यावी, म्हणजे आज थोडे कमी गेले तर उद्या भरून निघते. थायरॉइडचे औषध, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, फिट्सच्या गोळ्या यांच्यात मात्रेचा लहानसा फरकही मोठा ठरतो. तिथे अंदाजाने तुकडे करणे नकोच.

कुटण्याचा प्रश्न रोज्यापुरता नाही. अर्धांगवायू झालेले आजोबा, गिळताना ठसका लागणारी आजी, नाकातून नळी असलेला रुग्ण हे सर्व धर्मांच्या घरांत आहेत. तिथे खलबत्त्यात गोळ्या एकत्र कुटून मधातून किंवा केळ्यातून देतात. त्यामागे माया असते, पण कुटणाऱ्या हातांचा विचार कुणी करत नाही. वृद्धांच्या प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गरोदर स्त्रीने हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो. कर्करोगाच्या किंवा सांधेदुखीच्या मेथोट्रेक्सेटची पूडही तशीच घातक. घरात सासऱ्यांची गोळी कुटते कोण? बहुधा सूनच. अनेक औषधे पातळ स्वरूपात मिळतात. एवढे विचारायचे राहून जाते.

हा जिल्हा पंढरपूरचाही आहे. आषाढी-कार्तिकीला उपाशीपोटी चालणारा वारकरी, नवरात्रात नऊ दिवस फक्त फळांवर राहणारी बाई आणि सहेरी करून रोजा धरणारी विडी कामगार, या तिघांच्या पिशवीत शुगरची तीच गोळी असते. ‘आज जेवण अर्धे, म्हणून गोळीही अर्धी’ हा तिघांचाही हिशेब सारखाच असतो.

हिशेब रुग्णाचा असला तरी तो एकट्यावर सोडणे बरोबर नाही. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या नियमावलीनुसार रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. प्रत्यक्षात काउंटरवर ‘सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर’ यापलीकडे वाक्य जात नाही. गर्दी असते, मान्य. पण वेष्टनावरची बारीक इंग्रजी अक्षरे मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या शहरात किती जण वाचतात? ‘तोडू नये’ एवढे दोन शब्द पेनने वेष्टनावर लिहायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनीही चिठ्ठीवर नुसते ½ न लिहिता किती मिलिग्रॅम ते लिहावे. मशिदींमधून या महिन्यात सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक घरोघरी जाते. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला औषधांविषयी चार ओळी सहज मावतील.

त्यात एक ओळ अशीही असावी की आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे, आणि ज्याला कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिदया आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर इफ्तारला पाच मिनिटे उरली असली तरी रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. अर्ध्या गोळीच्या हिशेबात बसवून रोजा कसाबसा निभावणे यातले कुणीच मागितलेले नाही.

राहता राहिली वेष्टन कापण्याची पद्धत. दहाऐवजी चार गोळ्या मागितल्या की दुकानात कात्री फिरते आणि नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते. गिऱ्हाइकाच्या हाती चार निनावी गोळ्या येतात. मग एसआर की साधी, हे ओळखणार कशावरून? नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा, तो मिळत नसेल तर दुकानदाराकडून कागदी पाकिटावर लिहून घ्यावे. आणि पाकीट डब्यात ठेवावे, गोळ्या सुट्या नव्हे.