सावधगिरीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

२०२५ सालच्या पूर्वार्धात या देशात कोणी कोणाला दूरध्वनी करू लागला की पलीकडची घंटा वाजण्याआधी त्याला एक उपदेश ऐकावा लागे. अनोळखी माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, ओटीपी सांगू नका, सावध राहा. जूनअखेर हा उपदेश थांबला तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्याच महिन्यात संसदेत आकडे आले. सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते; २०२४ साली ही रक्कम सुमारे २२,८४५ कोटींवर गेली. बँकांचा उपदेश तर त्याआधीही अनेक वर्षे चालूच होता. एका वर्षात चोरी तिप्पट व्हावी इतके लोक अचानक बेसावध झाले, असे कोणी म्हणणार असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

हा उपदेश चुकीचा आहे असे मात्र नव्हे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, हे भाजी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक असले पाहिजे. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. ईमेलचा पासवर्ड इतर सर्व खात्यांहून वेगळा असावा, कारण बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलच्याच वाटेने बदलता येतात. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेला कळवावे. तिथे दिवस नव्हे, मिनिटे मोलाची असतात. हे सारे करावे. प्रश्न आहे तो एवढे करूनही जे घडते त्याच्या हिशेबाचा.

२००९ साली कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने या हिशेबातील एक चूक दाखवून दिली होती. सुरक्षेचा उपदेश करणारे चोरीमुळे होणारे नुकसान मोजतात. पण उपदेश पाळण्यासाठी कोट्यवधी लोकांचा जो वेळ आणि जी मेहनत खर्च होते तिची किंमत शून्य धरतात. हा खर्च धरला तर पुष्कळ सूचना न पाळणारा माणूस आळशी नसून व्यवहारी ठरतो. पासवर्डचेच पाहा. दर काही महिन्यांनी तो बदलावा, त्यात मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे असावीत, हा दंडक २००३ सालच्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. त्याच संस्थेने २०१७ साली तो मागे घेतला आणि लांब, लक्षात राहील असा पासवर्ड ठेवावा, विनाकारण बदलण्याची सक्ती करू नये, असे सांगितले. मधल्या चौदा वर्षांत माणसांनी जो मनस्ताप सोसला तो कोणाच्याच ताळेबंदात आला नाही. आपल्याकडील कितीतरी कार्यालयांत तो आजही चालू आहे.

अर्थशास्त्रात एक साधा नियम आहे. ज्याला धोका टाळणे शक्य आहे, त्याच्यावरच तोट्याचा भार टाकावा. म्हणजे तो धोका टाळतो. अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने, ग्राहकाने दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर परस्पर काढल्या गेलेल्या पैशांतील त्याचा तोटा पन्नास डॉलरपुरता मर्यादित केला आणि व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. त्या काळात ब्रिटनमधील बँका मात्र "आमची यंत्रणा चुकत नाही, चूक तुमचीच" असे ग्राहकाला ऐकवीत असत. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले की सुरक्षेवर जास्त खर्च करूनही ब्रिटनच्या बँकांतच फसवणूक अधिक होत होती. तोटा ग्राहकाच्या गळ्यात पडणार हे ठाऊक असल्यावर बँकेचे कर्मचारी काळजी तरी कशाला घेतील?

आपल्याकडचा ताजा दाखला याहून बोलका आहे. यूपीआयमध्ये 'कलेक्ट' नावाची एक सोय होती. समोरच्याने पैशांची मागणी पाठवायची आणि आपण पिन घालून ती मान्य करायची. पैसे मिळणार आहेत असे भासवून भामटे अशी मागणी पाठवीत आणि भोळा माणूस पिन घाली. वर्षानुवर्षे त्यावर उपदेश झाला. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीच बंद करण्यात आली. दार बंद झाले आणि त्या दारावरच्या पाट्यांची गरज उरली नाही. हे आधी का झाले नाही, याचे उत्तर अद्याप कोणी मागितलेले नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराला काही संरक्षण दिले, हे मान्य केलेच पाहिजे. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास खातेदारावर तोटा नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत केल्यास शून्य शिलकीच्या मूलभूत खात्यावर कमाल ५,००० रुपये, साध्या बचत खात्यावर १०,००० रुपये. सिद्ध करण्याचा भार बँकेवर. बँकेच्या संदेशाला तिथल्या तिथे उत्तर पाठवून तक्रार करता आली पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. अशी तक्रार किती खातेदारांनी करून पाहिली असेल? आणि ५,००० रुपये म्हणजे महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने सोळा दिवसांची मजुरी होते.

पण खरी मेख पुढे आहे. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर तक्रार नोंदवीपर्यंतचा सारा तोटा त्याचा. ओटीपी सांगितला की निष्काळजीपणा सिद्ध! त्याला तासन्‌तास धमकावण्यात आले काय, त्याचे नाव-गाव-खाते भामट्याला आधीच कोठून कळले, आयुष्यात कधी लाख रुपये न पाठविलेल्या वृद्धाच्या खात्यातून एका दुपारी सारी पुंजी निघताना बँकेची यंत्रणा का जागी झाली नाही, हे प्रश्न मग उरतच नाहीत.

ज्यांनी काहीच सांगितले नाही त्यांचे काय? २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे कोण्या खातेदाराने ओटीपी दिला नव्हता. घुसखोरी बँकेच्याच यंत्रणेत झाली होती. जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून गरिबांचे पैसे काढल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारच्या संचित निधीत जावयाचा आहे. ज्याची माहिती गळाली त्याला त्यातून छदामही मिळणार नाही.

ब्रिटनने मात्र आपला जुना धडा गिरविला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवणुकीने स्वतःच्या हाताने पाठविलेले पैसेही, ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, ग्राहकाला परत द्यावे लागतात. आणि भरपाईचा निम्मा भार पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेने उचलावयाचा असतो. लोक मग बेफिकीर होतील, हा आक्षेप तेथेही घेतला गेला. म्हणूनच घोर निष्काळजीपणाला अपवाद ठेवला आहे आणि शंभर पौंडांपर्यंतची रक्कम कापण्याची मुभा आहे; दुर्बल ग्राहकाला मात्र दोन्ही लागू नाहीत.

भारतात या मागणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग दुसरा, म्हणजे पैसे घेणाऱ्या बँकेचा. चोरीचे पैसे हवेत जात नाहीत. ते कोणत्या ना कोणत्या बँकेतील भाड्याच्या खात्यात उतरतात. निवृत्तिवेतनाच्या खात्यासाठी विधवेला पुनःपुन्हा ओळखीची कागदपत्रे मागणाऱ्या बँकांच्याच व्यवस्थेत ही खाती उघडली जातात आणि तासाभरात रिकामी होतात. खाते उघडणारी बँक निम्म्या नुकसानीची धनी असावी, आणि ओटीपी सांगितला एवढ्यावरून खातेदाराला दोषी धरण्याचा नियम रद्द व्हावा, या दोन मागण्या घेऊन बँक कर्मचारी संघटना, ग्राहक पंचायती आणि निवृत्तांच्या संघटना यांनी एकत्रितपणे रिझर्व्ह बँकेकडे जावयास हवे.