स्क्रीन फुटलीय, लॅपटॉप नाही!

लॅपटॉपची स्क्रीन फुटते ती बहुतेक वेळा अगदी फालतू कारणाने. कीबोर्डवर पेन राहिलं आणि झाकण लावलं. इअरफोनची डबी राहिली आणि झाकण लावलं. सटाण्याहून येताना एसटीत बॅग वर ठेवली आणि तिच्यावर कुणीतरी आपली गोणी टाकली. घरी येऊन झाकण उघडावं तर कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग, त्यातून निघालेल्या उभ्या रंगीत रेषा आणि आपल्या पोटात गोळा. घरी सांगायचं कसं?

पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी म्हणतं, 'गेला तो आता.' कुणीतरी म्हणतं, 'नवीनच घे, दुरुस्तीत पैसे घालू नको.' आणि ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं सगळं गाव मानतं तो म्हणतो, 'मदरबोर्ड असंल.' हे न बघताच सांगितलेलं असतं. माझं म्हणणं साधं आहे. फुटलेली स्क्रीन हा लॅपटॉपचा मृत्यू नाही. सायकलचा टायर फुटला म्हणून आपण सायकल फेकत नाही. बहुतेक साध्या, छोट्या लॅपटॉपची स्क्रीन घरी, जेवणाच्या टेबलावर नाहीतर सतरंजीवर बसून बदलता येते. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला निदान एवढं माहीत असावं, की हे शक्य आहे आणि ते कधी करू नये.

शहरात राहणाऱ्याला यात काय मोठं, असं वाटेल. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, तासाभरात काम होतं. नामपूरला तसं नाही. इथून कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर नाशिक, म्हणजे एक अख्खा दिवस. एकदा द्यायला, एकदा आणायला. मध्ये 'पार्ट आलेला नाही' हे ऐकायला तिसरी फेरी. एसटीचं भाडं, बुडालेली लेक्चर्स आणि त्या पंधरा दिवसांत नेमकी आलेली असाइनमेंट, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख किंवा ऑनलाइन टेस्ट. मोबाइलवर प्रोजेक्ट टाइप करून बघा एकदा, अंगठे सुजतात.

नामपूरच्याच माझ्या एका मैत्रिणीचं सांगते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे ११.६ इंची छोटा लॅपटॉप, तोही दादाचा वापरून झालेला. स्क्रीन फुटली. सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं, पूर्ण झाकण बदलावं लागेल, साडेनऊ हजार. आमच्या कसमादे पट्ट्यात रकमेचा हिशोब क्विंटलमध्ये होतो. तिच्या वडिलांनी ज्या भावाने त्या आठवड्यात कांदा दिला होता तो गुणून बघितला आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ कांदा पिकवणाऱ्या घरातल्या पोरांना कळतो. शेवटी तिने फक्त पॅनल मागवलं, तीन हजार दोनशेला, आणि स्वतः बसवलं. पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं भीतीत गेली, असं ती सांगते.

हे काम करताना डोकं लागतं ते स्क्रू काढायला नाही, आधीच्या तपासणीला. पहिली गोष्ट, खरंच स्क्रीनच गेलीय का? घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावायची. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर मदरबोर्डवाल्या भाऊचं भाकीत चुकलं. स्क्रीनवर तडा किंवा तो शाईचा डाग असेल, तर पॅनलच गेलं. डाग नाही, पण झाकण हलवलं की चित्र येतं-जातं, तर बहुधा आतली केबल. ती स्क्रीनपेक्षा खूप स्वस्त असते.

दुसरी गोष्ट म्हणजे नंबर. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. लॅपटॉपचं मॉडेल सांगून स्क्रीन मागवायची नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनल्स बसवते. जुनं पॅनल बाहेर काढून मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि मगच ऑर्डर द्यायची. त्या नंबरात बऱ्याचदा आकारही लपलेला असतो. ११६ दिसलं की ११.६ इंच, १४० म्हणजे १४ इंच, १५६ म्हणजे १५.६. मग कनेक्टर किती पिनांचा ते बघायचं. गेल्या काही वर्षांतल्या साध्या स्क्रीनला बहुधा ३० पिना असतात, त्याआधीच्या जुन्या लॅपटॉपला ४०. टचवाल्या आणि गेमिंगच्या काही स्क्रीनलाही ४० असतात, पण ते ४० वेगळे. शिवाय पॅनलच्या कडेला स्क्रूसाठी पत्र्याचे कान आहेत की नाहीत, हेही जुळलं पाहिजे. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा. आणि पूर्ण बसवण्याआधी नुसतं जोडून चालू करून बघा, तोवर वरची प्लास्टिकची फिल्म काढू नका. फिल्म काढलेली स्क्रीन परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात.

प्रत्यक्ष काम त्यामानाने बिनडोक आहे. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि बॅटरी बाहेर. बॅटरी आत असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवलेला. हे मी दोनदा सांगेन, कारण यूट्यूबवरचे भाऊ घाईत हे गाळतात. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरीचा पुरवठा आत असतोच, आणि स्क्रीनच्या बॅकलाइटलाही तो त्याच केबलमधून मिळतो. अशा वेळी कनेक्टर तिरका लागला तर बोर्डावरचा बारीक फ्यूज उडू शकतो, आणि तीन हजारांचं काम खरोखर मदरबोर्डवर जातं. तर बॅटरी काढा. मग स्क्रीनभोवतीची चौकट. तिच्या कोपऱ्यात रबराच्या छोट्या टिकल्यांखाली स्क्रू असतात. ते काढले की जुनं सिमकार्ड किंवा एटीएम कार्ड घालून चौकट सुटी करायची, कट्‌कट् आवाज येतो, घाबरायचं नाही. पॅनलचे चार स्क्रू काढून ते कीबोर्डवर पालथं घालायचं. मागे चिकटपट्टीखाली कनेक्टर दिसतो. पट्टी सोडवायची, तारेची कडी असेल तर उचलायची आणि कनेक्टर सरळ ओढायचा. नवीन पॅनल उलट क्रमाने. स्क्रू कुठले कुठे होते हे कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवा. आमच्याकडे यासाठी पापडाचं ताट वापरलं गेलं, तेही चालतं.

आता कधी करू नये. वॉरंटी चालू असेल तर आधी ती वाचा. तडा सहसा वॉरंटीत बसत नाही, पण आपण उघडलं म्हणून पुढचे दावे अडू शकतात. काच आणि पॅनल चिकटवून एक केलेली टचस्क्रीन असेल, पातळ, महागडा मेटलचा लॅपटॉप असेल, किंवा बॅटरी फुगलेली दिसत असेल, तर हात लावू नका. फुगलेली बॅटरी म्हणजे आग. तिथे जुगाडाचा अभिमान नको. आणि मला जुगाडाचं कौतुक करायचंच नाही. जुगाड म्हणजे पार्ट मिळत नाही म्हणून काहीतरी करून चालवणं. योग्य नंबरचा पार्ट आणून योग्य जागी बसवणं ही सरळ सरळ दुरुस्ती आहे.

आणि दुरुस्ती आपल्याला शिकवावी लागते असंही नाही. नामपूरच्या आसपास विहिरीवरची मोटार जळाली तर कुणी 'नवीन घ्या' म्हणत नाही, ती रिवायंडिंगला जाते. शेजारच्या मालेगावात जुने यंत्रमाग दुरुस्त करत करत किती वर्षं चालवले जातात ते जाऊन बघा. त्याच घरांतली मुलं लॅपटॉपसमोर आली की हात मागे घेतात, कारण त्यावर स्टिकर असतं, 'उघडल्यास वॉरंटी रद्द.' मुलींचे हात तर आणखी मागे. स्क्रू ड्रायव्हर घरात असतो, पण तो 'भावाला विचार'वाल्या कप्प्यात. माझ्या मैत्रिणीलाही तेच ऐकवलं गेलं. भाऊ पुण्यात होता, म्हणून ती शिकली.

मुलांच्या हातात उघडता येईल असा लॅपटॉप द्यायचा, ही कल्पना महाराष्ट्रात येऊनही गेली आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांचा हा प्रकल्प. त्या लॅपटॉपची स्क्रीन होती साडेसात इंच, उन्हातही वाचता येणारी. पण मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. तो साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडायचा, आणि जास्तीचे स्क्रू त्याच्या हँडलमध्येच ठेवलेले असायचे. म्हणजे हे मशीन मोडणार आणि मूलच ते उघडणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. प्रकल्पावर टीका खूप झाली, बरीचशी रास्त. शंभर डॉलरचा म्हणून गाजवलेला लॅपटॉप त्या किमतीत कधी बसला नाही. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच नकार दिला होता. तरी हँडलमधले ते स्क्रू मात्र आजच्या एकाही स्वस्त लॅपटॉपमध्ये मला दिसत नाहीत.

सरकार काही करतच नाही, असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं आणि मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स एकाच ठिकाणी आहेत, हे आमच्यासारख्या गावांना अगदी शोभणारं. मग वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचे गुण ठरवणाऱ्या निर्देशांकासाठी दुसरी समिती आली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करा, असं त्यात आहे. लॅपटॉपवाल्यांनी थांबा! फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून दुकानात लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे दहापैकी गुण लिहिलेले असतात. आपल्याकडे सेलमध्ये लॅपटॉप घेताना रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो. 'याची स्क्रीन सुटी मिळते का, केवढ्याला?' हे कुणी विचारतं का?

विचारायला हवं, आणि लेखी. सर्व्हिस सेंटर 'पूर्ण झाकण' म्हणालं, तर फक्त पॅनल का नाही, हे ईमेलवर विचारा. गंमत म्हणजे ईमेलवर उत्तरं बदलतात. कॉलेजांनीही हे मनावर घ्यावं. टेक फेस्टला रोबो नाचवायला खर्च होतो. त्यातल्या थोड्या पैशांत बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, प्लास्टिकच्या पट्ट्या, एक मल्टिमीटर, एक एचडीएमआय केबल आणि जुना मॉनिटर येतो. लायब्ररीच्या कोपऱ्यात एक टेबल टाका, आठवड्यातून एक दुपार. ज्याला येतं तो दाखवेल, ज्याचं बिघडलंय तो घेऊन येईल. काढलेली फुटकी पॅनल्स तिथेच एका खोक्यात जमवता येतील. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि ती भंगारवाल्याच्या गाड्यावर जाण्याची गोष्ट नाही. जुन्या स्क्रीनमध्ये, म्हणजे एलईडी येण्याआधीच्या, ट्यूबलाइटसारखी बारीक नळी असते आणि तिच्यात पारा असतो.

माझ्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आता तिच्या वर्गातल्या तिघी प्रोजेक्ट करतात. परवा एकीचा चार्जिंगचा पॉइंट ढिला झाला. ती थेट हिच्याच घरी आली, आणि दारातच हिच्या आजीने विचारलं, 'काय व्हयनं?'