सरासरीआड दडलेले जव्हार-मोखाडा

देशादेशांतील आरोग्याची तुलना करणारे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात. जपानमध्ये जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी पाच वर्षांच्या आत दगावणारी सुमारे दोन, तर आफ्रिकेतील नायजरमध्ये शंभराहून अधिक. एकाच पृथ्वीवर, एकाच शतकात मूल जगण्याच्या शक्यतेत पन्नासपट अंतर पडावे, ही गोष्ट आता कोणास धक्का देत नाही. तिचे स्पष्टीकरणही ठरून गेले आहे. ते देश गरीब, तेथील हवामान रोगट, लोक अडाणी. तेव्हा असे व्हावयाचेच. नेमके हेच स्पष्टीकरण मुंबईत बसलेला सुशिक्षित मनुष्य दीडशे किलोमीटरवरील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांविषयी देत असतो.

हे स्पष्टीकरण टिकत नाही, हे दाखविण्यास फार दूर जावे लागत नाही. श्रीलंकेचे हवामान कोकणाहून फारसे वेगळे नाही आणि तो देश श्रीमंत म्हणून कधी ओळखला गेला नाही. तरीही तेथील अर्भकमृत्यूचा दर हजारी दहाच्या खाली आला, कारण स्वातंत्र्याच्या आगेमागेच तेथे मोफत दवाखाना, गावोगावची प्रशिक्षित सुईण, स्वस्त तांदूळ आणि मुलींची शाळा या चार गोष्टी एकत्र पोचल्या. क्युबातील राजवटीविषयी लोकशाही समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत. पण बलाढ्य अमेरिकेहून कमी अर्भकमृत्यू त्या नाकेबंदीत सापडलेल्या बेटावर अनेक वर्षे होत होते, हे नाकारता येणार नाही. अलीकडे तेथील व्यवस्था खिळखिळी होताच तो दर वाढलाही. भारतात २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जन्मांमागे केरळात ६ अर्भके दगावत होती, मध्य प्रदेशात ४३. देश एकच, राज्यघटना एकच.

महाराष्ट्राचा त्याच वर्षीचा आकडा १६ होता. भारताची सरासरी २८. राज्यकर्त्यांना अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे आणि तो खोटाही नाही. मात्र सरासरी ही मोठी सोयीची वस्तू असते. १९९० साली अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील काळ्या पुरुषाला पासष्टी गाठण्याची संधी बांगलादेशातील पुरुषापेक्षाही कमी होती. जगातील सर्वांत धनवान नगरात, उत्तमोत्तम इस्पितळांच्या सावलीत, एक बांगलादेश वसला होता. देशाच्या सरासरीत तो कोठेच दिसत नव्हता. महाराष्ट्राच्या सरासरीत जव्हार-मोखाडा दिसत नाही तो याच रीतीने. आणि मृत्यूच्या आकड्यावरून नजर काढून ताटाकडे वळविली, तर खुद्द महाराष्ट्राचा तोराही उतरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण देशात ३२.१ टक्के होते, महाराष्ट्रात ३६.१ टक्के.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा या भागाचे नाव प्रथमच देशभर झाले. मंत्र्यांच्या मोटारी आल्या, पाठोपाठ योजना आल्या. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय झाले. १९९५ साली नवसंजीवन योजना जाहीर झाली. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. यांतील एकही पाऊल अनावश्यक होते असे म्हणता येणार नाही. परंतु २०१६ च्या पावसाळ्याअखेर मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला राज्य शासनास नोटीस काढावी लागली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यातील बोटोशीच्या मरकटवाडीत अकाली प्रसूत झालेल्या मातेची जुळी बालके तिच्या डोळ्यांदेखत गेली. रक्तस्रावाने खचलेल्या त्या मातेला झोळीत घालून डोंगरातील निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर उचलून न्यावे लागले, कारण वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव त्याच आठवड्यात साजरा होत होता.

अशा प्रत्येक प्रसंगी प्रशासनाकडून एक ठरीव खुलासा येतो. मूल कुपोषणाने नव्हे, न्युमोनियाने गेले. जन्मतः वजन कमी होते. अतिसार झाला होता. वैद्यकीय दाखल्यापुरते हे बरोबरही असेल. कुपोषण हे सहसा स्वतःच्या नावाने मारीत नाहीच. ते मुलाच्या अंगातील प्रतिकाराचे बळ काढून घेते आणि पुढचे काम साध्या तापावर व हगवणीवर सोपविते. ज्या न्युमोनियातून दादरचे मूल आठवड्यात उठून शाळेत जाते, त्यानेच वाडीवरचे मूल का दगावते, हा खरा प्रश्न आहे. दाखल्यावरचा शब्द बदलल्याने तो सुटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर डोंगरात राहणाऱ्यांच्या वर्षाच्या चक्रात सापडते. येथील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांची शेती उताराच्या वरकस जमिनीवरची. भात, नागली, वरई आणि थोडी खुरासणी एवढेच पीक, तेही फक्त पावसाचे. दिवाळीच्या सुमारास घरात आलेले धान्य बहुतेकांना वर्षभर पुरत नाही. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात. लावणीचे कष्टाचे दिवस, पोटात कमी अन्न, ओल, ताप आणि तुटलेल्या वाटा हे सारे एकदमच येते. बालमृत्यूंच्या बातम्या पावसाळ्यात येतात, हा योगायोग नव्हे. याच महिन्यांसाठी शासनाने १९७८ पासून आदिवासींना खावटी कर्ज देण्याची योजना राबविली. पुढे ती बंद पडली. २०२० च्या पावसाळ्यात घोषित झालेले चार हजारांचे खावटी अनुदान लोकांच्या हाती पडावयास पुढचे साल उजाडले. भूक श्रावणातली आणि मदत शिमग्यानंतरची, असा हा हिशेब!

कापणी झाली की कुटुंबे घाट उतरतात. वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि रेतीबंदरांवर जाण्यासाठी अनेकांनी शेठकडून उचल आधीच घेतलेली असते. कातकऱ्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या. गरोदर बाई जाते, तान्हे मूलही जाते. अंगणवाडीच्या वहीतील नाव मात्र गावातच राहते. आहार, वजनकाटा आणि लस जेथे आहेत तेथे मूल नाही आणि जेथे मूल आहे तेथे भट्टीचा धूर आहे. पावसाच्या तोंडावर ते परत येते तेव्हा त्याचे वजन किती घटले, हे कळेपर्यंत उपाशी महिने सुरू झालेले असतात. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करून देशाला वाट दाखविली, ती याच स्थलांतराला पर्याय म्हणून. पण कामाची मजुरी महिनोन्‌महिने थकत गेली, तेव्हा दिवाळीआधी रोख उचल देणारा शेठ सरकारपेक्षा भरवशाचा ठरला. त्यासाठी आदिवासींना अडाणी म्हणण्याचे कारण नाही; रोजच्या चुलीचा हिशेब त्यांना मंत्रालयापेक्षा चांगला समजतो.

पाण्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायका विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. त्याच तालुक्यातील कोचाळे येथे मुंबईसाठी बांधलेला मध्य वैतरणा प्रकल्प २०१४ साली पूर्ण झाला. मुंबईने तहानलेले राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण प्रचंड जलवाहिन्या घालून डोंगरातले पाणी महानगरापर्यंत नेणाऱ्या राज्याला डोंगरातल्या वाडीपर्यंत रस्ता नेता येत नाही, याला भूगोल म्हणावयाचे की राजकारण?

१८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरला अप्पर सायलेशियातील तापाच्या साथीची चौकशी करण्यास धाडले. तो भाग दूरचा, भाषेने वेगळा, जमीनदारांच्या टाचेखालचा. परत आल्यावर फिर्खोने औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, जमीन, न्याय्य करपद्धती आणि पूर्ण लोकशाही हा त्याचा उपाय होता. सरकारला तो रुचला नाही, हे सांगावयास नको. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्याआधी तीन वर्षे शेजारच्या डहाणू-तलासरीत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत लढून मोडली होती. राजे गेले, सावकाराचे रूप बदलले. परंतु वनजमिनीवरील हक्क मान्य होण्यास २००६ चा कायदा यावा लागला, आणि त्याखालील दाव्यांसाठी आदिवासींना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले ते निराळेच.

डॉक्टर, रुग्णवाहिका, जव्हारच्या कुटीर रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ हे सर्व हवेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू निम्म्यावर आणून दाखविले. १९९९ साली तो प्रयोग जगापुढे आला आणि २०११ साली देशाने स्वीकारला. म्हणजे श्रीलंकेने जे केले ते महाराष्ट्राच्या जंगलातही होऊ शकते. फक्त ते करणाऱ्या आशा सेविकेला आणि अंगणवाडी ताईला कामगाराचा पगार व हक्क द्यावयास राज्यकर्ते तयार नाहीत. स्वयंसेवेच्या गौरवावर तिची बोळवण होते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी बालमृत्यूच्या बातमीची वाट पाहून मोर्चा काढण्याची सवय आता सोडावयास हवी. भाद्रपदातला मोर्चा मृतांसाठी असतो. काम ज्येष्ठातच आहे: कोणत्या वाडीत रेशन पोचले, कोणाची मजुरी थकली, कोणत्या गरोदर बाईला एकवेळचा चौरस आहार प्रत्यक्ष मिळतो, कोणती वाट पहिल्या पुरात तुटते, याची वाडीवार नोंद घेऊन ती ग्रामसभेत वाचली पाहिजे आणि तहसीलदाराच्या टेबलावर ठेवली पाहिजे. आणि वसई-भिवंडीच्या शाखांनी आपापल्या हद्दीतील वीटभट्ट्या मोजाव्यात. तेथे जव्हार-मोखाड्याची किती मुले आहेत आणि जवळची अंगणवाडी त्यांना आत घेते की नाही, हे विचारावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही.